आधी शुगर, मग दात? हा क्रमच चुकीचा

‘आधी शुगर आटोक्यात आणा, दातांचं मग बघू.’ मधुमेह असलेल्या माणसाने हिरड्यांतून रक्त येतंय अशी तक्रार केली की हे वाक्य ठरलेलं. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा मोठा दवाखाना असो की सातपूरच्या कामगार वस्तीतलं एका खोलीचं क्लिनिक, सल्ला तोच. घरची माणसंही तोच देतात. पुष्कळदा दातांचे डॉक्टरसुद्धा अडीचशे शुगर ऐकून हात आखडता घेतात. वाक्य इतकं समंजस वाटतं की त्याला कुणी हरकत घेत नाही. इथे ती घ्यायची आहे. कारण शुगर आटोक्यात यायला ज्या गोष्टी आडव्या येत असतात, त्यांतलीच एक गोष्ट हा सल्ला पाळणारा माणूस शुगर आटोक्यात येईपर्यंत लांबणीवर टाकत असतो. शुगर हलत नाही म्हणून दात नाहीत, आणि हिरड्या सुजलेल्या म्हणून शुगर हलत नाही. वर्ष-दोन वर्षं अशी जातात आणि मग दात हातात येतो.

या सल्ल्यात खरं काय आहे ते आधी मान्य करू. रक्तातली साखर बेसुमार वाढलेली असताना दात काढणं, हाडात इम्प्लांट बसवणं, हिरडीची शस्त्रक्रिया करणं यात धोका असतो. जखम भरायला वेळ लागतो, संसर्ग पसरू शकतो. तातडीचं कारण नसेल तर अशी कामं काही आठवडे थांबवावीत, हे कुणीही जबाबदार दंतवैद्य सांगेल. पण ‘दात काढायची घाई करू नका’ या सूचनेचं ‘तोंडाला हातच लावू नका’ असं रूपांतर झालं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. दातांवरचं कीटण काढणं, हिरडीखालची मुळं घासून स्वच्छ करणं, ब्रश कसा फिरवायचा हे शिकवणं ही थांबवून ठेवायची कामं नव्हेत. थोडी काळजी पुरते: सकाळी जेवून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जायचं, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगायचं. इतकं सांभाळलं तर बहुतेकांना ही सफाई मधुमेह असतानाच करून घेता येते. किंबहुना मधुमेह आहे म्हणूनच ती लवकर करायची.

हिरड्यांचा आजार म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढच्या वादाला अर्थ नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. दातावरचा चिकट थर रोज निघाला नाही की त्याचं कीटण होतं, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त दिसतं. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष झालं तर सूज खाली उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजतं आणि खाचेची खोल कपार होते. लोक याला पायरिया म्हणतात. ही कपार मोजतात कशी, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. डॉक्टरांच्या हातात बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते. ती दात आणि हिरडीच्या मध्ये अलगद सरकवायची, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलतात, शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी लिहून घेते. पुढच्या दातांशी तीन, दोन, तीन. मागच्या दाढांशी आल्यावर पाच, सहा, सात. सळई बाहेर आली की कुठे कुठे तिच्यामागून रक्ताचा थेंब वर येतो, त्याचीही नोंद करायची. अक्कलदाढा सोडून 28 दात धरले तर 168 आकडे होतात. आणि एवढं सगळं सापडत असताना खुर्चीतला माणूस मात्र सांगत असतो, ‘मला तसं काही दुखत नाही.’

या सगळ्या कपारींच्या सुजलेल्या आतल्या भिंती एकत्र पसरल्या तर क्षेत्रफळ किती होईल? दवाखान्यांतल्या पोस्टरवर ते ‘तळहाताएवढं’ असतं. ते वाढवून सांगणं आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार पायरियाच्या रुग्णात ते साधारण 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे मोठ्यात मोठं धरलं तरी काडेपेटीच्या पाठीएवढं. मला तेवढं पुरेसं आहे. कारण काडेपेटीएवढा चिघळलेला भाग मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर असता, तर ‘आधी शुगर, मग पाय’ असं म्हणायची एकाही डॉक्टरची छाती झाली नसती. त्याच दिवशी जखम धुतली गेली असती, ड्रेसिंग झालं असतं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं असतं. ओठांच्या आड असल्याने त्याच जखमेला ‘नंतर’चा शिक्का बसतो.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं: ‘मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तर मूळ आजाराचं आधी बघा म्हणतो.’ हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपं सांगताना श्वासाला दुर्गंधी येणं आणि टाळू, घसा, जीभ, दात यांवर मळ साचणं या गोष्टी नोंदलेल्या आहेत. तेव्हा रक्तातली साखर मोजायचं साधन नव्हतं, जंतूंची कल्पना आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे यावरून ‘आपल्याकडे सगळं आधीच माहीत होतं’ अशी टाळी वाजवायचं कारण नाही. पण रुग्णाचं तोंड उघडून बघणारा कुणीतरी वैद्य होता आणि त्याला तिथे काहीतरी दिसलं होतं, एवढं नक्की. अलीकडच्या काळात, 1993 साली, हाराल्ड लोए या दंतसंशोधकाने हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या आधीच्या पाच. मधुमेह असलेल्यांना हिरड्यांचा गंभीर आजार होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट ते तिप्पट असते, आणि शुगर जितकी बेलगाम तितका धोका अधिक. याबद्दल आज कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो उरलेल्या अर्ध्याबद्दल. लोए यांनी ज्या लोकांच्या अभ्यासाचा आधार घेतला, ते अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात गिला नदीकाठी राहणारे पिमा आदिवासी. जगात मधुमेहाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या समाजांत त्यांची गणना होते. संशोधक त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात राहिले आणि मग गोष्ट उलट्या बाजूनेही दिसू लागली. सुरुवातीला ज्यांच्या हिरड्या गंभीर खराब होत्या, त्यांची शुगर पुढच्या वर्षांत जास्त बिघडली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेह असलेल्या 628 पिमांचा पाठपुरावा होता, मध्यममानाने 11 वर्षांचा. त्यात गंभीर पायरिया असलेल्यांचं हृदयविकार आणि मधुमेहजन्य मूत्रपिंडविकार यांनी मृत्यू येण्याचं प्रमाण इतरांच्या 3.2 पट निघालं, वय, मधुमेहाची वर्षं, तंबाखू वगैरे बाबी हिशेबात घेऊनही. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण ‘संबंध एकाच दिशेचा आहे’ हा दावाही त्यानंतर डोळे झाकून करता येत नाही.

शरीरात हे घडतं कसं, तेही आता बरंच उलगडलं आहे. साखर वाढलेली राहिली की ती प्रथिनांना चिकटते, त्यातून तयार होणारे पदार्थ पेशींना चेतवतात, सूज सहज पेटते आणि लवकर विझत नाही. हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम ढिसाळ होतं, तोंड कोरडं पडतं. ही झाली मधुमेहाकडून हिरडीकडे जाणारी बाजू. दुसरी बाजू अशी की कपारीत ठाण मांडून बसलेले जंतू आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने सोडलेली सुजेची रसायनं चावता-चावता रक्तात उतरत राहतात. यकृत त्याला प्रतिसाद देतं, रक्तात सुजेची खूण असलेली सीआरपी वाढते. त्यांतली काही रसायनं पेशींना इन्सुलिनचा निरोप ऐकू देत नाहीत. पोटावरच्या चरबीतून हेच घडतं म्हणून डॉक्टर पोट कमी करायला सांगतात. तेच काम हिरडीतून चालतं म्हटलं की मात्र त्यांना अतिशयोक्ती वाटते.

आता विरोधकांच्या भात्यातलं सगळ्यात धारदार हत्यार. ‘हे सगळं तर्क म्हणून ठीक आहे, पण हिरड्या साफ करून शुगर उतरते का? अमेरिकेत चाचणी झाली, काही फरक पडला नाही.’ ही चाचणी खरोखर झाली आणि 2013 साली ‘जामा’ या प्रतिष्ठित नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. 514 रुग्ण, दोन गट. एका गटाच्या हिरड्यांची खोल सफाई, दुसऱ्याची नंतर. सहा महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, दोन्ही गटांत जवळपास तिथेच होती, किंचित वाढलेलीच. फरक दिसण्याची आशा नाही म्हणून नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवण्यात आलं. हे नाकारायचं कारण नाही. प्रश्न एवढाच की या चाचणीत हिरड्या बऱ्या झाल्या होत्या का? नव्हत्या. उपचारानंतर सहा महिन्यांनीही तपासलेल्या जागांपैकी 42 टक्के जागांतून रक्त येत होतं आणि 72 टक्के जागांवर थर साचलेला होता. एखाद्याच्या तापाला औषध द्यायचं, ताप उतरलाच नाही, आणि निष्कर्ष काढायचा की ताप उतरल्याने थकवा जात नाही! या चाचणीतून सिद्ध झालं ते इतकंच, की अर्धवट सफाईचा शुगरवर परिणाम होत नाही. तेवढं मलाही मान्य आहे.

2018 साली लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेतल्या संशोधकांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. 264 रुग्ण, पूर्ण 12 महिने. एका गटाला नेहमीची वरवरची सफाई, दुसऱ्याला कसून उपचार: मुळांची सफाई, गरज पडली तर शस्त्रक्रिया, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा खुर्चीत. वर्षाअखेर दुसऱ्या गटाची एचबीएवनसी पहिल्यापेक्षा 0.6 टक्क्याने कमी भरली. एका अभ्यासावर विसंबू नये म्हणाल, तर कॉक्रेन या संस्थेचा 2022 सालचा आढावा आहे. 35 अभ्यास, 3,249 रुग्ण. तीन-चार महिन्यांनी सरासरी 0.43 टक्के घट, सहा महिन्यांनी 0.30. पुराव्याला त्यांनी ‘मध्यम’ खात्रीचा दर्जा दिला आहे, ‘उत्तम’ नव्हे. याच संस्थेच्या 2015 सालच्या आढाव्यात पुरावा कमकुवत ठरला होता. म्हणजे सात वर्षांत पुरावा वाढला तसा तो डळमळीत झाला नाही, पक्का झाला.

‘एवढ्याशा 0.4 साठी इतका आटापिटा?’ हा पुढचा सूर. त्याला उत्तर औषधाच्या दुकानात मिळतं. गोळे कॉलनीतून पिशव्या भरून नेल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिनने एचबीएवनसी साधारण एक टक्क्याच्या आसपास उतरते. तिच्या जोडीला दिली जाणारी ग्लिप्टिन गटातली गोळी अर्ध्या-पाऊण टक्क्याने उतरवते. 0.4 टक्का उतरवणारी गोळी निघाली असती तर तिचे प्रतिनिधी बॅगा घेऊन दवाखान्याबाहेर बसले असते. हिरड्यांच्या सफाईचा प्रतिनिधी नसतो. आणि हे गोळीऐवजी करायचं नसून गोळीबरोबर करायचं आहे. हिरड्या साफ झाल्या म्हणून कुणी औषध सोडलं, तर तो या लेखाचा पराभव ठरेल.

आता एक आक्षेप असा आहे की त्याला मी मनापासून मान देतो. जुने डॉक्टर म्हणतात, ‘प्रत्येक रोगाचं मूळ दातात शोधायचा खेळ एकदा होऊन गेला आहे.’ खरं आहे. 1910 साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठात भाषण करून तोंडातल्या संसर्गावर अनेक आजारांचं खापर फोडलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं संधिवातापासून वेडापर्यंत कशासाठीही चांगले दात उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन याने रुग्णांचे दात सरसकट काढले, दातांनी भागलं नाही तेव्हा आतडीही कापली. माणसं मेली. हा इतिहास ज्याला आठवतो, तो डॉक्टर सावध असणारच, आणि असावाच. पण त्या काळात आणि आजच्यात फरक आहे. तेव्हा सहसा मोजमाप नव्हतं, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एकाचा अनुभव दुसऱ्याचा पुरावा होत होता. आज दावा एका आजाराचा आहे, आकड्यात आहे, आणि चुकीचा ठरू शकेल अशा रीतीने तपासलेला आहे. दुसरं म्हणजे तेव्हाचा उपाय दात उपटण्याचा होता. आजचा उपाय दात वाचवण्याचा आहे. जुन्या चुकीची भीती बाळगून योग्य उपचार टाळला, तर त्या इतिहासातून धडा घेतला असं होत नाही.

हाच इतिहास दंतवैद्यांनीही भिंतीवर लावून ठेवावा. ‘हिरड्या साफ, मधुमेह साफ’ अशा थाटाच्या जाहिराती करणारे लोक या विषयाचं विरोधकांपेक्षा जास्त नुकसान करतात. हिरड्यांच्या उपचाराने मधुमेह बरा होतो, याला आधार नाही. डोळे वाचतात, डायलिसिस टळतं, हेही अजून चाचण्यांनी सिद्ध झालेलं नाही. शुगर थोडी उतरते, दात वाचतात, तोंडाचा वास जातो, नीट चावून भाकरी आणि कच्च्या भाज्या खाता येतात. एवढं खात्रीने सांगता येतं, आणि एवढं पुष्कळ आहे. दात गेलेला मधुमेही काय खातो ते आठवा: चहात बुडवलेलं बिस्किट, मऊ भात, शिरा. त्याच्या आहारतक्त्यातली काकडी आणि मोड आलेली मटकी कागदावरच राहते.

डॉक्टरांशी भांडून झालं, आता पेशंटशी. तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, दुखत नाही. हा आजार बहुधा शेवटपर्यंत दुखत नाही, हाच त्याचा कावा. दुसरा, रक्त येत नाही. तंबाखू असेल तर रक्त कमी दिसू शकतं, कारण निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालू आणि खूण बाहेर गायब. इथे मिश्रीबद्दल बोलायलाच हवं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची, ही आपल्याकडच्या, विशेषतः खेड्यापाड्यांतल्या बायकांची सकाळ. दात घासायचं निमित्त, पण दिवसातून चार वेळा. दातांच्या पावडरी-पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने 1992 सालीच बंदी केली, गुटखा महाराष्ट्रात 2012 साली बंद झाला, पण घरच्या तव्याला कुठला कायदा लागू करणार? मधुमेह आणि मिश्री एकत्र आले की हिरडीचं काय होतं, हे दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या पन्नाशीच्या बाईचं तोंड उघडून बघितलं तर कळेल. ‘मावशी, मिश्री लावता का?’ हा प्रश्न शुगरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात पसरलेला: ‘मशीन लावलं की दात ढिले होतात, फटी पडतात.’ फटी मशीन पाडत नाही. हाड आणि हिरडी आधीच खाली गेलेली असते, त्या जागी कीटण भरून बसलेलं असतं आणि तेच सैल दातांना एकमेकांशी बांधून ठेवत असतं. ते निघालं की जे आधीच झालं होतं ते दिसतं. काही दिवस दात शिवशिवतात, मग हिरडी आवळते. लवकर गेलात तर फटीही कमी दिसतील. कीटणाच्या भरवशावर दात टिकवायचे, हा धंदा फार दिवस चालत नाही.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. मधुमेहामुळे पाय कापावा लागला तर विमा पैसे देतो, हिरडी साफ करायला देत नाही. या अजब हिशेबामागे एक जुनी फाळणी आहे. आपल्याकडे 1948 च्या कायद्याने दंतवैद्यकाची परिषद वेगळी झाली. नव्या काळात राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा कायदा 2019 चा आणि दंत आयोगाचा 2023 चा, पुन्हा वेगवेगळे. दंतवैद्याला तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन शिकावं लागतं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात दातांच्या वाट्याला चिमूटभर जागा आहे. कायद्याने तोंड शरीरापासून वेगळं केलं आणि डॉक्टरांनी ते मनावर घेतलं.

ही फाळणी बुजवायला महाराष्ट्रात नाशिकइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 सालापासून इथे आहे, म्हसरूळला. राज्यातल्या एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि नर्सिंगच्या बहुतेक पदव्यांवर शिक्का एकाच ठिकाणचा. आडगावला वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, पंचवटीत भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय, गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय, सगळी गोदावरीच्या एकाच अंगाला, रिक्षाच्या अंतरावर. प्रमेहाच्या पूर्वरूपांतला दातांवरचा मळ एका वर्गात शिकवायचा, हिरडीची कपार दुसऱ्या वर्गात आणि इन्सुलिन तिसऱ्या वर्गात, आणि तिघांनी मिळून एक पेशंट बघायचा नाही, याला अभ्यासक्रम कसा म्हणायचं? विद्यापीठाने ठरवलं तर मधुमेहाच्या ओपीडीत दंतशाखेचा एक इंटर्न आठवड्यातून दोन सकाळी बसवता येईल. त्याला इमारत लागत नाही. एक टॉर्च, एक तोंडाचा आरसा आणि ती खुणांची सळई लागते.

सरकारी यंत्रणेला तर नवीन काही करायचंच नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या माणसांची जी तपासणी होते, तीत साखर आणि रक्तदाब मोजतात, आणि कर्करोगाच्या खुणा शोधायला तोंडही उघडून बघतात. म्हणजे त्याच माणसाची, त्याच फेरीत, बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि तोंडात टॉर्चही मारला जातो. गालाच्या आतला पांढरा चट्टा शोधणारी नजर दोन सेकंद हिरडीवर थांबली, तर काय बिघडेल? उलट खाजगी शिबिरांत बघा. वजनकाटा, बीपीचा पट्टा, ग्लुकोमीटर, तळपायाला टोचून बघायचा नायलॉनचा दोरा, डोळ्यांसाठी चिठ्ठी, शेवटी आहाराचा कागद. डोक्यापासून पायापर्यंत माणूस तपासला जातो, फक्त तो जेवतो ते दार कुणी उघडत नाही.

इंग्लंडच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने 2022 साली मधुमेहाच्या सूचनांत बदल करून डॉक्टरांनाच सांगितलं, की मधुमेह असलेल्या प्रौढांना हिरड्यांच्या आजाराचा धोका जास्त आहे आणि त्यावर उपचार केल्याने साखर आटोक्यात राहायला मदत होऊ शकते, हे पेशंटला समजावा. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गरज कुणाची मोठी, ते सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. मधुमेहाच्या प्रत्येक फाईलवर तीन प्रश्न छापा: ब्रश करताना रक्त येतं का, एखादा दात हलतो किंवा फट वाढली आहे का, शेवटचं दातांच्या डॉक्टरकडे कधी गेला होता. पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, किंवा तिसऱ्याचं वर्षाच्या मागे गेलं, तर गोळीच्या चिठ्ठीबरोबर दंतवैद्याची चिठ्ठी. दंतवैद्याने उलट बाजूने तेवढंच करायचं: चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कपारी खोल दिसल्या, वारंवार गळू होतंय असं दिसलं, तर सफाईच्या आधी शुगर तपासायला पाठवायचं. आपल्याकडे मधुमेह अंगाने बारीक आणि वयाने तरुण माणसालाही गाठतो. त्याचा पहिला सुगावा दंतवैद्याच्या खुर्चीत लागू शकतो.

आणि तरीही कुणाला पुरावा पुरेसा वाटत नसेल, तर दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत मांडून बघा. समजा माझं चुकलं आणि हिरड्यांच्या उपचाराने शुगर तसूभरही हलली नाही. पेशंटचं काय गेलं? दोन-तीन खेपा आणि थोडे पैसे, बदल्यात साफ तोंड आणि टिकलेले दात. आता समजा ‘आधी शुगर’ म्हणणाऱ्यांचं चुकलं. मग पेशंटने शुगर खाली यायची वाट बघत वर्षं घालवली, गोळ्या वाढवल्या, दात घालवले आणि शुगरही जिथल्या तिथे. पहिली चूक दुरुस्त होते. दुसरीत गेलेलं हाड परत येत नाही. तेव्हा यापुढे कुणी ‘दातांचं मग बघू’ म्हणालं, तर पेशंटने नम्रपणे पण ठामपणे विचारावं: ‘डॉक्टर, मग म्हणजे कधी? आणि तोवर ही जखम कुणाच्या ताब्यात?’